नुसतं पाहणारं गिऱ्हाईक

रायपूरला पंडरीच्या कपडा बाजारात मी साड्या दाखवतो. 'विकतो' असं म्हणत नाही, कारण विकत घेणं शेवटी गिऱ्हाइकाच्या मनावर असतं; दाखवणं माझ्या हातात. आणि दाखवण्यात, स्वतःच्या तोंडाने सांगतो, आमच्या ओळीत माझा हात धरणारा कोणी नाही. 'भैया, सिर्फ देखना है' म्हणत आत शिरलेल्या बायका माझ्यासमोरून दोन-दोन पिशव्या घेऊन उठल्या आहेत. एक बाई तर फक्त पाणी प्यायला आली होती. आमचे शेटजी अजून नव्या सेल्समनना तिची गोष्ट सांगतात.

अशा माणसाकडे त्याच्या स्वतःच्या घरातली आठ महिन्यांची मुलगी ढुंकून पाहत नव्हती.

तिचं नाव आम्रपाली. यात तिचा काही दोष नव्हता. मी रात्री दुकान वाढवून बीरगांवला घरी पोचायचो तेव्हा ती झोपलेली असायची, आणि सकाळी ती उठायची तेव्हा मी झोपलेला असायचो. तिच्या लेखी मी म्हणजे घरात आडवा पडलेला एक माणूस. कडेवर घेतलं की ती आधी माझ्या मिशीकडे संशयाने बघायची, मग नजरेने आईला शोधायची, मग खालचा ओठ हळूच बाहेर काढायची. त्यानंतर जे सुरू व्हायचं त्यापुढे शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांचा भोंगा ऐकू येत नसे.

हे असंच चाललं असतं आणि पोरगी शाळेत जायला लागल्यावर आमची ओळख झाली असती. पण माझ्या बायकोला, दीपमालाला, तिच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. बाळंतपणाच्या आधी दीपमाला समता कॉलोनीतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग, आणि त्यातली अर्धी माणसं म्हणायची, आम्हाला त्या दीदींकडेच पाठवा, त्यांची सुई कळत नाही. मॅडमनी सांगितलं, सोमवारी एक तारीख आहे, त्या दिवसापासून सकाळची ड्यूटी धर, नाहीतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल.

तसं जमण्यासारखं होतं. लॅबमधली गर्दी ओसरली की तिने घरी यायचं आणि मी दुकानाला निघायचं. मधली सकाळ पोरीने माझ्याजवळ राहायचं, एवढाच प्रश्न. माझी आई कमला घरातच असते, पण तिचे गुडघे गेलेले. पलंगावर बसून ती सल्ले देऊ शकते, नातीला उचलून फिरवू शकत नाही.

"शनिवारी जाऊन पाहते मी," दीपमाला म्हणाली. ती दुपट्यांच्या घड्या करत होती. "पोट्टी राहिली तुमच्याजवळ, तर मॅडमले हो म्हणते. नाही राहिली तर नाही म्हणते. एवढं काही नाही. नोकरी काय, मंग बी भेटते."

'एवढं काही नाही' हे ती इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की मी सावध झालो. आमच्या धंद्यात जी बाई एखादी साडी बाजूला सारून 'ठीक है, कुछ खास नहीं' म्हणते, तिला नेमकी तीच साडी हवी असते. शिवाय दीपमाला बोलता बोलता एकाच दुपट्याची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. लॅबमधून येऊन ती सांगायची, आज एवढा मोठा पोलिसवाला सुई पाहून खाली बसला, आणि सांगताना स्वतःच इतकी हसायची की पुढचं कळायचंच नाही. ते हसू पोरगी झाल्यापासून मी ऐकलं नव्हतं. मला ते परत हवं होतं. ती लॅबमध्ये गेलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. पोरीला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारसाठी मी सराव सुरू केला. लवकर उठणं हाच त्यातला पहिला अन्याय. खेळणी बनवणाऱ्या लोकांनी आयुष्यात मूल पाहिलेलं नसतं, असं माझं मत याच आठवड्यात झालं. शेजारच्या रीना भाभीने बारशाला एक प्लास्टिकचं बदक दिलं होतं. बटण दाबलं की त्याचे डोळे लाल व्हायचे आणि ते चालत अंगावर यायचं. आम्रपालीने किंचाळून मान फिरवली. त्या एका बाबतीत आमचं एकमत होतं. खुळखुळा तिने माझ्या हातून घेतला आणि लांब फेकला. वाटी-चमचा तिला आवडला, पण वाजवायचा मीच. मी थांबलो की तिचा ओठ बाहेर.

"तोंड लपव, अन् मंग दाखव," आई पलंगावरून म्हणाली. "सगळे लेकरं हासतेत त्याले."

मी टॉवेलमागे तोंड लपवलं. पोरगी गप्प झाली. टॉवेल बाजूला केला. पोरीने भोकाड पसरलं. पुन्हा लपवलं, पुन्हा गप्प.

"मंग लपवूनच ठेव," आई म्हणाली.

मोबाईलचा मार्ग बंद होता. पोरीला मोबाईल दाखवायचा नाही हा दीपमालाचा कायदा होता, आणि तो मोडायची माझी छाती नव्हती. आईने एखादं भीमगीत म्हटलं की पोरगी मान डोलवायची. तेच मी म्हटलं की आई आणि नात दोघी माझ्याकडे सारख्याच नजरेने बघायच्या. असे शुक्रवारपर्यंत माझे सगळे उपाय संपले.

शनिवारी सकाळी दीपमालाने स्कूटी काढली. पोरगी माझ्या कडेवर. मऊ भात कुठे आहे, कोरडी दुपटी कुठे आहेत, हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी आईने आतून ओरडून तेच तिला म्हणून दाखवलं.

"रडली तर फोन करजा," दीपमाला म्हणाली. "लाज नका ठेवू. मी लगेच येते."

"नाही रडत."

"रडनच ते," आई आतून म्हणाली.

स्कूटी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्रपाली तिकडे पाहत होती. मग तिने मान वळवून माझ्या मिशीकडे पाहिलं. ओठ बाहेर आला.

मी तिला घेऊन या खोलीतून त्या खोलीत गेलो आणि त्या खोलीतून या खोलीत आलो. आमच्याकडे दोनच खोल्या आहेत. बदक सोडून सगळं दाखवलं. खिडकीतला कावळा दाखवला, तर तोही उडून गेला. पोरगी लाल झाली, मग तिचा आवाज बसायला लागला, आणि मग ती रडता रडता मध्ये श्वास ओढायला थांबायची तेव्हा मलाच घाबरायला व्हायचं.

"लाव फोन," आई म्हणाली. आता ती थट्टा करत नव्हती.

मी फोन काढला. दीपमालाचं नाव समोर आणलं. दाबलं असतं की ती आली असती, हे मला माहीत होतं. काही बोलली नसती. पोरीला छातीशी धरलं असतं, मॅडमना नाही म्हणून कळवलं असतं आणि हलक्या आवाजात म्हणाली असती, एवढं काही नाही. मग ती दुपट्यांच्या घड्या करत बसली असती. माझा अंगठा पुढे जाईना. मी फोन खिशात टाकला, पोरीला आईच्या मांडीवर ठेवलं आणि दोन मिनिटं मोकळा श्वास घ्यावा म्हणून अंगणात आलो.

दोरीवर दीपमालाची आकाशी सुती साडी वाळत होती. तिचा पदर वाऱ्याने माझ्या तोंडावर आला. मी आधीच वैतागलेलो होतो. साडी ओढून काढली, आत आलो, आणि हाताच्या सवयीने दोन टोकं धरून तिला झटका दिला. फट्.

रडणं थांबलं.

आईच्या मांडीवरून दोन ओले डोळे माझ्याकडे बघत होते. मिशीकडे नाही, साडीकडे. तोंड उघडंच होतं, पण आतून आवाज येत नव्हता. ही थांबण्याची तऱ्हा मी ओळखतो. दारातून परत फिरलेली बाई एखादा रंग पाहून अशीच थांबते, आणि त्या क्षणी जो सेल्समन बोलतो तो गाढव असतो. मी साडी हळूच चुण्या करून हातावर घेतली आणि मनगटाने फेकली. आकाशी कापड हवेतून गेलं, फुगलं, आणि तिच्या पायांच्या बोटांपाशी येऊन अलगद बसलं.

आम्रपालीने बोटं हलवली. मग ती हसली. दात नसलेलं, पूर्ण तोंडभर हसू, आणि ते माझ्याकडे बघून होतं.

"काय करून राहिला रे?" आईने विचारलं.

"दुकान लावून राहिलो."

जमिनीवर गादी टाकली, तिच्यावर स्वच्छ पांढरी चादर ओढली, भिंतीला उशी लावून पोरीला टेकवून बसवलं. कपाटातून दीपमालाच्या साड्यांचा गठ्ठा काढून बाजूला रचला आणि समोर मांडी घातली. सवयीप्रमाणे मोबाईल सायलेंटवर करून बाजूला ठेवला; आमच्या दुकानाचा तो नियमच आहे, गिऱ्हाईक समोर असताना फोन वाजता कामा नये.

"आओ दीदी, बैठो आराम से," मी म्हणालो. घरात मी मराठी बोलतो, पण साडी हातात आली की तोंडातून हिंदीच निघते. "लेना कुछ नहीं है। बस देखो।"

दाखवण्यात शास्त्र आहे. चांगला माल आधी काढायचा नाही. गडद रंगानंतर फिका दाखवायचा म्हणजे दोन्ही उठून दिसतात. कापड गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी येऊन पडलं पाहिजे, तोंडावर कधीच नाही. आणि बघायचं ते साडीकडे नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे. मी हे सगळं नेहमीसारखंच केलं, आणि खरं सांगतो, एवढं प्रामाणिक गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं. पिवळी आवडली नाही तर ती सरळ जांभई द्यायची. जरीचा काठ चमकला की दोन्ही हात वर. जांभळी जॉर्जेट हवेत गेली तेव्हा तर तिने अशी किंकाळी मारली की आईच्या हातातली पाण्याची वाटी हिंदकळली.

माझी चूक झाली ती पुढे. आम्रपालीने जांभळीचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि तोंडात घातला. गिऱ्हाइकाने साडी अशी घट्ट धरली की धंद्याचा माणूस एकच गोष्ट करतो. मी म्हणालो, "पसंद आ गई? पैक कर दूँ?" आणि बाकीच्या साड्या भराभर आवरायला लागलो.

पोरीने जांभळी सोडली, रिकाम्या होत चाललेल्या गादीकडे पाहिलं, आणि ओठ बाहेर काढला.

"बुडवला धंदा," आई म्हणाली. "काहून आवरून राहिला? तिले काय घेऊन जायचं हाये?"

बरोबर होतं. एवढी वर्षं मी साडी दाखवतो ती शेवटी बांधून द्यायला, आणि इथे बांधलं की खेळ संपला. मी सगळं पुन्हा उलगडलं. पोरीने मला माफ केलं.

पण दीपमालाच्या साड्या किती असणार? गठ्ठा संपला. एकदा दाखवलेला माल गिऱ्हाइकाला पुन्हा दाखवणं हा आमच्यात अपमान समजतात. माझी नजर पलंगाखाली आईच्या पत्र्याच्या पेटीकडे गेली.

"माह्या पेटीले हात नाही लावायचा," आई म्हणाली.

आम्रपालीने जांभई दिली.

आई तिला पाहून म्हणाली, "वरची काढ. फक्त वरची." मी वरची काढली. तिच्याखालची आईने स्वतःच मागितली. तिसरी हातात घेतल्यावर मला बाजूला व्हायला सांगून तिने पलंगावरूनच पदर उलगडला आणि नातीला सांगायला लागली, ही तुह्या आजोबानं प्लांटचा पहिला बोनस भेटला तवा आणली होती, रंग त्यायले समजतच नव्हता, पाह्य, कसा मिरचीसारखा हाये. माझे बाबा, नत्थू, गावाकडून येऊन भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले होते. ही साडी आई नेसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. आम्रपालीला मिरची रंग फार आवडला. निदान एका माणसाला तरी आवडला, आई म्हणाली, आणि नाक ओढलं.

मग विहारात जायची पांढरी साडी निघाली. मी ती चुण्या करून अगदी सांभाळून फेकली. ती पोरीच्या मांडीवर जाऊन बसली, आणि पोरीने तिच्यावर शू केली.

मी आईकडे पाहायचं टाळलं.

"धुतली जाते," आई म्हणाली. "तू बी ह्याच साडीवर मुतला होता. विहारात, सगळ्याइसमोर. दुसरी काढ."

याच सुमारास रीना भाभी दारात आली. ती आमच्यातलीच, मराठी घरातली, तिचे सासरे बाबांबरोबर कामाला होते. पण वाढली रायपुरात. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देते.

"रोना बंद हो गया, तो मैं घबरा गई," ती म्हणाली. मग तिने गादी पाहिली, पसरलेल्या साड्या पाहिल्या, आणि चप्पल काढून आम्रपालीच्या शेजारी येऊन बसली. "भैया, घर पे भी चालू कर दिया? वो हरी वाली दिखाना।"

"ती दीपमालाची हाये," मी म्हणालो.

"हव, हव. दिखाओ तो सही।"

मी हिरवी दाखवली. रीना भाभी 'हाय' म्हणाली, आम्रपालीने तिच्याकडे पाहून टाळ्यांसारखं काहीतरी केलं. मग रीना भाभीने दारातून कोणाला तरी हाक मारली. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक बाई घरात शिरून बाहेर आली नाही की दुसरी पाहायला येते, आणि दुसरीला तिसरी शोधत येते. थोड्याच वेळात खोलीत मांडीला मांडी लावून बायका बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी मध्यभागी, आम्रपाली. कोणीतरी तिच्या डोक्यावर जांभळी टाकली होती. मी एक साडी फेकली की सगळ्या एका सुरात 'ओ हो' करायच्या आणि ती मागे वळून त्यांच्याकडे बघून खिदळायची. साड्या कधीच्या संपल्या होत्या. मी दाखवलेल्याच पुन्हा दाखवत होतो आणि कोणाचाही अपमान होत नव्हता. माझ्या जन्मात एवढं दुकान रंगलं नव्हतं.

आणि मग धाडकन दार उघडलं.

दीपमाला दारात होती. डोक्यावर हेल्मेट, त्याचा पट्टा तसाच बांधलेला, हातात चावी. चेहरा पांढरा पडलेला. ती एकेका बाईकडे बघत होती, जणू कोण रडतंय ते शोधत होती.

"आमू कुठं हाये?" तिने विचारलं.

बायका दोन्ही बाजूंना सरकल्या. जांभळ्या पदराखालून आम्रपालीने आपल्या आईकडे पाहिलं आणि हसली.

दीपमाला तिथेच उंबऱ्यात बसली. "बाहेर एवढ्या चपला," ती म्हणाली. "एवढ्या चपला कवा राहतेत कोणाच्या दारात? कितीदा फोन लावला मी तुम्हाले. आईले बी लावला."

आईचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. माझा कुठे होता ते मलाही माहीत नव्हतं. तो मागाहून मिरचीच्या साडीखाली सापडला. बायका एकेक करून उठल्या आणि आपापल्या चपला शोधत निघाल्या. रीना भाभी शेवटी गेली. जाताना तिने हळूच विचारलं, "वो हरी वाली दुकान में मिल जाएगी ना?"

"वो मेरी है," दीपमाला म्हणाली. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

मग तिने हेल्मेट काढलं, हातपाय धुतले आणि साड्यांच्या पसाऱ्यातच पोरीला पाजायला बसली. मी समोर साड्यांच्या घड्या घालत होतो. ती बोलत नव्हती. गिऱ्हाईक गप्प बसलं की मी सहसा ओळखतो पारडं कुठे झुकतंय ते, पण तेव्हा मला काही कळेना. पोरगी राहिली होती, अगदी मजेत राहिली होती, आणि तरी मी असा घोळ घालून ठेवला होता की कोणत्याही आईने म्हणावं, नको ती नोकरी.

मग तिने मान वर केली.

"तिनं माही आठवण काढली का?"

या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं. समोरच्याला काय ऐकायचं आहे ते ओळखून तेच बोलणं, यावर माझं पोट चालतं. 'खूप रडली, तुझ्याशिवाय राहतच नव्हती' असं म्हटलं असतं तर तिला आतून बरं वाटलं असतं, आणि सोमवारी ती घरी राहिली असती. आईसुद्धा माझ्याकडेच बघत होती.

"तू गेली तवा लय रडली," मी म्हणालो. "आवाज बसला तिचा. फोन हातात घेतला होता मी."

"अन् मंग?"

"मंग विसरली."

दीपमालाचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत. "विसरली," ती पोरीकडे बघत म्हणाली. "तिकडं माहा एक हात सुईवर होता अन् एक कान फोनवर. अन् ही विसरली."

"विसरली म्हणून तर तुले जाता येते," आई म्हणाली. "हा लहान होता तवा माह्या पदराले चिपकूनच राहे. म्या तं विहारात बी एकटी गेली नाही कवा. तुले जायचं हाये का नाही, तेवढं बोल."

तेवढ्यात आम्रपालीचं पोट भरलं. तिने दीपमालाच्या कुशीतून मान काढली, इकडे तिकडे पाहिलं, घड्या होत चाललेल्या साड्या पाहिल्या, आणि गादीवर जोरजोरात हात आपटला. मग माझ्याकडे बघून ओरडली. मिशीकडे नाही, नीट माझ्याकडे.

"काय म्हणून राहिली ते?" दीपमालाने विचारलं.

"और दिखाओ, म्हणते."

दीपमालाने पदराने डोळे पुसले. पोरीला मांडीवर माझ्याकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः उशीला टेकली.

"दाखवा मंग."

"कोणाले?"

"आमा दोघीले. लग्न झालं तवापासून तुम्ही एक साडी दाखवली नाही मले. पिशवी आणता, हातात देता, अन् म्हणता, ठेव. दुनियेतल्या बायकांले दाखवता."

मी केलेल्या घड्या मोडल्या. पहिल्या दिवशी दुकानात बसलो होतो तसा ताठ बसलो. पिवळी फेकली, पोरीने जांभई दिली आणि तिच्या आईनेसुद्धा. जांभळी फेकली, दोघींचे हात वर झाले. मिरचीची पाहून दीपमाला सासूला म्हणाली, ही मले काहून नाही दाखवली कवा, आणि आई म्हणाली, तू मागितली नाही. मग माझ्या हाताला ती आकाशी सुती लागली, जिने सकाळी सगळं सुरू केलं होतं. मी तिला झटका दिला. कापड फुगलं, हवेत क्षणभर थांबलं आणि चार पायांवर येऊन पसरलं.

आम्रपाली खदखदून हसली. तिचं पाहून दीपमाला हसायला लागली, तेच हसू, पुढचं काही कळू न देणारं. हसता हसता तिने आकाशीचा काठ हातात घेतला, दोन बोटांत चोळून पाहिला आणि पदर खांद्यावर टाकला.

"ही," ती म्हणाली. "सोमवारी लॅबमध्ये ही नेसून जाते."

मी आईकडे पाहिलं. आईने गुडघ्यावरून हात फिरवत खिडकीबाहेर बघितलं. 'पैक कर दूँ' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि हिरवी उघडली.